बाटली कुठं ठेवलीय?

माझ्या हातात ऑडिटचं पॅड दिसलं की वॉर्डातले सगळे हात धुवायला लागतात. सिस्टर ट्रॉलीवरची सॅनिटायझरची बाटली दाबतात, रेसिडेंट डॉक्टर राउंड घेता घेता थांबून तळवे चोळतात, मावशीही बेसिनकडे वळतात. त्या दिवशी कागदावर हात धुण्याचा नव्वद टक्क्यांच्या पुढचा आकडा येतो आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये तो पडद्यावर दिसला की सगळ्यांना बरं वाटतं. मला वाटत नाही. कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस नीट वागतो, हे सगळीकडेच होतं. म्हणून खरी पाहणी मी पॅडशिवाय करते. हँडओव्हरच्या वेळी रजिस्टर तपासायला नर्सिंग स्टेशनवर बसायचं आणि समोरच्या चार बेडवर लक्ष ठेवायचं. तेव्हा जो आकडा येतो तो निम्म्याच्या आसपास असतो. नाइटला त्याहून खाली.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. त्याआधी बरीच वर्षं आयसीयूत काढली. हे काम नेमकं काय, असं गावाकडची माणसं विचारतात तेव्हा मी सांगते, की पेशंट जो आजार घेऊन आला त्याखेरीज दुसरा आजार त्याला आमच्याकडून मिळू नये, हे बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे आपल्यासारख्या देशांत भरती झालेल्या दर १०० पेशंटमागे साधारण १५ जणांना हॉस्पिटलमध्येच एखादा तरी संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. हार्नियाचं ऑपरेशन चांगलं झालं पण टाक्यांत पू झाला, पॅरालिसिसचे आजोबा बोलायला लागले आणि लघवीच्या नळीतून ताप चढला, असं झालं की घरचे नशिबाला बोल लावतात. मला ते ऐकवत नाही, कारण यातलं पुष्कळ टाळता येण्यासारखं असतं.

हात कधी धुवायचे याचे पाच प्रसंग आमच्या प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर चित्रांसह लावलेले आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग असलं निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना, म्हणजे बेडचा दांडा, मॉनिटर, सिरिंज पंप, पडदा यांना हात लागल्यावर. पाचही प्रसंग आमच्या मुली झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. तरीही पॅडशिवायच्या पाहणीत एक गोष्ट दर वेळी दिसते. पेशंटला हात लावून झाल्यावर धुणारे पुष्कळ, लावण्याआधी धुणारे थोडे. घाण ड्रेसिंग संपलं की कोणाला सांगावं लागत नाही, किळस येते, भीती वाटते, पाय आपोआप बेसिनकडे जातात. पण सात नंबरच्या बेडवरचं बीपी घेऊन आठ नंबरला जाताना हात स्वच्छच दिसतात, त्यामुळे धुवायचं सुचतच नाही. आठ नंबरच्या आजींच्या मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी, आहे आणि सात नंबरच्या थुंकीत क्लेब्सिएला हा जंतू निघालाय, हे रिपोर्टात असतं, डोळ्यांपुढे नसतं. जगभर झालेल्या अशा बहुतेक पाहण्यांत हाच फरक सापडला आहे. स्वतःला वाचवायला माणूस हात धुतो आणि पेशंटला वाचवायला धुवायचे राहून जातात.

यावर उपाय म्हणून आम्हा लोकांना एकच सुचतं, लेक्चर घ्या. मीही घेते, घ्यायलाच हवं. पण ज्यांना उत्तर पाठ आहे त्यांना तेच उत्तर पुन्हा सांगून काही बदलत नाही. बदल कुठून येतो, हे मला जिनिव्हाच्या कामातून कळलं. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पित्ते या डॉक्टरांनी १९९४ च्या अखेरीस मोजलं, तर हात धुण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं. विचार करा, स्वित्झर्लंडसारख्या देशात निम्म्याहून कमी. आयसीयूतल्या सिस्टरला तासाभरात पंधरा वेळा हात धुवावे लागले आणि बेसिनपर्यंत जाऊन, धुऊन, पुसून यायला एकेक मिनिट लागलं, तर तासातली पंधरा मिनिटं नुसती हात धुण्यात जाणार. मग पेशंट बघणार कधी? त्यांनी अल्कोहोलचं हँडरब, म्हणजे आपलं सॅनिटायझर, बेडजवळ आणून ठेवलं, भिंतींवर पोस्टर लावले, आकडे वॉर्डांना परत सांगितले. १९९७ च्या अखेरीस ते प्रमाण ६६ टक्क्यांवर आलं. हॉस्पिटलमध्ये होणारे संसर्ग १९९४ मध्ये १६.९ टक्के होते, ते १९९८ मध्ये ९.९ झाले. साबण-पाण्याने धुणं जितकं होतं तितकंच राहिलं होतं, सगळी वाढ बेडजवळच्या बाटलीने झाली. त्याच अभ्यासातलं आणखी एक वाक्य मी दर मीटिंगला वाचून दाखवते. सुधारणा नर्सेसमध्ये आणि मदतनिसांमध्ये झाली, डॉक्टरांचं प्रमाण कमीच राहिलं. त्याबद्दल पुढे बोलते.

आमच्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात सॅनिटायझर दाराशी भिंतीवर लावलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला छान. पण सिस्टर एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात केस पेपर घेऊन बारा नंबरपाशी उभी असते आणि दार तिथून बरंच लांब. मी प्रत्येक बेडच्या पायथ्याशी बाटल्या अडकवल्या. आठवड्याभरात निम्म्या गायब. नातेवाईक घरी घेऊन गेले असतील, असं सगळे म्हणाले, आणि काही गेल्याही असतील. पण इनचार्ज सिस्टरनी बाजूला घेऊन खरं सांगितलं. वॉर्डात दारू सुटल्यामुळे हात थरथरणारे दोन-तीन पेशंट कायम असतात. हँडरबमध्ये सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल असतं. एकाच्या उशीखाली रिकामी बाटली सापडली होती. ही गोष्ट कुठल्या पोस्टरवर नसते, वॉर्डातल्या माणसालाच ठाऊक असते. त्या वॉर्डात आता बेडवर बाटली नाही. प्रत्येक सिस्टर-ब्रदरच्या खिशाला क्लिपची छोटी बाटली आहे आणि मोठी ट्रॉलीवर, नजरेसमोर. बाकी वॉर्डांत मात्र बेडवरच.

बाटली हाताशी आली तरी काही जणी वापरत नव्हत्या. विचारलं तर हात पुढे केले. बोटांच्या पेरांना भेगा, मनगटावर लाल चट्टे. पाहत बसले तेव्हा कारण कळलं. साबणाने हात धुवायचे, ओल्या हातावरच सॅनिटायझर घ्यायचं, म्हणजे दुहेरी सुरक्षा, असं कोणीतरी कधीतरी शिकवलेलं. दोन्हीची गरज नसते. हाताला काही दिसण्यासारखं लागलं असेल, किंवा जुलाबाचा पेशंट असेल, तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. एरवी कोरड्या हातावर हँडरब, २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत. हँडरबमध्ये ग्लिसरीन असतं ते त्वचेसाठीच. आमच्या खरेदी विभागाने स्वस्तातलं आणलं होतं, त्यात ते नावालाच होतं. हात झोंबणारी बाटली कोणी का दाबेल? मी चार पाच जणींच्या हातांचे फोटो काढून खरेदीच्या फाईलला जोडले. महिनाभर वाद झाला, पण बाटली बदलली.

मग पद्धत. यासाठी एक खेळ मी करते. हँडरबमध्ये चमकणारं लोशन मिसळायचं, सगळ्यांनी नेहमीसारखे हात चोळायचे आणि पडदे ओढलेल्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे औषध पोचलं तिथे निळसर चमकतं, जिथे नाही तिथे काळं. एका वरिष्ठ सर्जनचे तळवे आरशासारखे लखलखत होते आणि उजवा अंगठा पूर्ण काळा. बोटांची टोकंही काळी. त्याच अंगठ्याने ते टाके चाचपून बघतात. ते काही बोलले नाहीत, पुन्हा औषध घेतलं, प्रत्येक अंगठा मुठीत धरून फिरवला, टोकं तळव्यावर घासली आणि पुन्हा दिव्याखाली धरले. शेजारी उभ्या असलेल्या सफाईच्या मावशींचे हात त्यांच्यापेक्षा चांगले चमकत होते. मावशी ते पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या आणि त्यांनी सांगावं असंच मला वाटत होतं.

हातातल्या वस्तूंचा प्रश्न अवघड आहे. कोपरापासून खाली काही नको हा नियम. अंगठीखाली, बांगडीखाली ओल राहते, जंतू राहतात, ग्लोव्हज फाटतात. आयसीयूत एक नवी सिस्टर लग्नानंतर रुजू झाली ती हिरवा चुडा घालून. "सासूबाई म्हणतात सव्वा महिना काढायचा नाही," असं सांगताना तिचे डोळे भरून आले. नियमाप्रमाणे तिला मेमो द्यायला हवा होता. मेट्रनबाईंशी बोलून तिला तेवढे दिवस रेकॉर्डच्या आणि ट्रेनिंगच्या कामाला घेतलं. सव्वा महिना संपल्यावर ती बांगड्या लॉकरमध्ये ठेवून आयसीयूत आली, मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या राउंडला तिच्या चुड्यावरून बोललं गेलं, त्याच राउंडला बोलणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ होतं आणि देवाचा लाल धागा, वर्षभर न सुटलेला, ओला होऊन काळा पडलेला. त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

लघवीच्या पिशवीचं सांगते, कारण मला त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये. वर गेली की नळीतली साठलेली लघवी मागे फिरते आणि तिच्याबरोबर जंतू. आमच्याकडे सीटी स्कॅनला जाणारे पेशंट पिशवी पोटावर ठेवून निघायचे. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना इनचार्ज रोज ओरडायच्या, मामा रोज मान हलवायचे, पिशवी पुन्हा पोटावर. एकदा मी लिफ्टपर्यंत बरोबर चालत गेले आणि विचारलं. मामा म्हणाले, "अडकवू कुठं ओ सिस्टर? स्ट्रेचरला हूकच न्हाई की. खाली सोडली की चाकात जाती." मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. इतकी वर्षं आम्ही मामांना बोललो आणि स्ट्रेचरकडे कोणीच पाहिलं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजी एस अक्षरासारखे जाड तारेचे हूक आणले. पिशव्या खाली गेल्या, त्याच दिवसापासून, एकही लेक्चर न घेता.

सुयांचंही तसंच. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. तरी लावतात. कारण सुई कापायचा कटर नर्सिंग स्टेशनवर, इंजेक्शन चौदा नंबरला, आणि उघडी सुई घेऊन नातेवाइकांच्या गर्दीतून चालण्यापेक्षा टोपण लावलेलं बरं, असं तिला वाटतं. तिचं चुकत नाही, कटरची जागा चुकते. कटर आणि सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवर बेडपर्यंत न्यायला लागलो तेव्हा टोपणं कमी झाली.

पण जी सुई चुकून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते ती नर्सला टोचत नाही, मावशीला टोचते. आमच्या एका कंत्राटी मावशींना पिशवी बांधताना मांडीला सुई लागली आणि त्यांनी जवळजवळ तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, ही भीती. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचं असतं, जास्तीत जास्त ७२ तासांत, आणि मग २८ दिवस घ्यायचं. मला कळलं तेव्हा ती वेळ जवळपास संपत आली होती. सुदैवाने पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले. पण हिपॅटायटीस बी या काविळीची लस? नव्हती घेतलेली. सगळे एचआयव्हीला घाबरतात, तो सुईतून होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटीस बीची, लस नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्यावर लस आहे, तीन डोसची, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. कायम नोकरीतल्या सगळ्यांना मिळालेली, कंत्राटी लोकांना नाही, कारण ते "आपले" नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. ते पान छापून मी मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं. आता सगळ्यांना लस मिळते आणि सुई टोचल्याची नोंद थेट माझ्याकडे होते, ठेकेदाराला विचारावं लागत नाही. नोंदी एकदम वाढल्या तेव्हा एका साहेबांनी "अपघात वाढले" म्हणून पत्र काढलं. अपघात तेवढेच होते, आता लोक सांगायला लागले होते. टोचलं तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडात बोट घालू नका, आणि मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ग्लोव्हजबद्दल एवढंच, की ते घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही. कोविडच्या काळात हे मी रोज पाहिलं. पीपीई किट घातलं की आपण सुरक्षित, मग त्याच ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून या पेशंटवरून त्या पेशंटवर. कोणाला दोष देणार, सहा-सहा तास पाणी न पिता उभी असलेली मुलं होती ती. पण आजही ग्लोव्हज घातलेला हात खिशातून मोबाईल काढतो, कानाला लावतो, परत खिशात ठेवतो आणि पेशंटच्या शिरेतली सलाईनची नळी, कॅन्युला, बघायला जातो, तेव्हा मी तिथेच थांबवते. हूक नाही, बाटली लांब, हात झोंबतात, यातलं कुठलंच कारण तिथे लागू नाही.

आता डॉक्टरांचं. मोठे सर राउंडला येतात तेव्हा मागे रेसिडेंट, इंटर्न, सिस्टर अशी रांग असते. सरांनी पहिल्या पोटावर तसाच हात ठेवला की मागच्या सगळ्यांनी मनात ठरवून टाकलेलं असतं, की आज धुवायचे नाहीत. इंटर्नने बाटली काढायची आणि सरांनी नाही, हे आपल्याकडे होत नाही. एका सरांना मी बाटली पुढे केली तर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, मला शिकवू नका." मी बाटली मागे घेतली नाही. दुसरे एक सर आहेत, मेडिसिनचे. ते बेडजवळ आल्यावर आधी हात चोळतात आणि वाळेपर्यंत पेशंटशी बोलत राहतात, "काय आजी, झोप लागली का?" तेवढ्यात वीस सेकंद होतात. त्यांच्या युनिटमध्ये मला पॅड काढावंच लागत नाही. इंटर्नशिप संपवून गेलेली त्यांची मुलं दुसरीकडेही तसेच आधी हात चोळून मग बोलायला लागतात, असं तिथल्या सिस्टर मला सांगतात. मॅनेजमेंटने माझ्या शंभर पोस्टरचे पैसे वाचवावेत आणि असे चार सर मला मिळवून द्यावेत.

आणि एक गोष्ट मी लेखी दिलेली आहे, पुन्हा देईन. नाइटला तीस बेडला दोन सिस्टर असतील तर बाटली त्यांच्या हातात बांधली तरी पाच प्रसंग पाळले जाणार नाहीत. तिथे प्रश्न सवयीचा नसतो, माणसांचा असतो. त्या रात्रीच्या आकड्यावरून सिस्टरला मेमो देणं अन्याय आहे आणि त्यावर मी सही करणार नाही.

नातेवाईक मला विचारतात, आम्ही काय करायचं? पेशंटच्या बेडवर बसू नका, बॅग बेडवर ठेवू नका, आत येताना आणि जाताना बाटली दाबा, लघवीची पिशवी उचलून पोटावर ठेवू नका, सलाईन संपली तर स्वतः बंद-चालू करू नका, सिस्टरला हाक मारा. आणि कोणी कॅन्युलाला हात लावायला आलं तर विचारा, "हात धुतलेत ना?" वाईट वाटून घेणारे भेटतील. आमच्या वॉर्डात कोणी असं विचारल्यावर सिस्टर रागावली, तर माझं नाव सांगा. नोटीस बोर्डवर नंबरसह लावलेलं आहे.

पुढच्या महिन्यात मावशी-मामांच्या नव्या बॅचचा लसीचा दुसरा डोस आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या स्ट्रेचरना हूक वेल्डिंग करून पक्के बसवायचं काम मेंटेनन्सकडे अडकलंय. तारेचे हूक चोरीला जातात, ते तिसऱ्यांदा आणावे लागलेत. सोमवारी त्यांच्या साहेबांकडे मामांनाच घेऊन जाणार आहे. चाकात पिशवी कशी अडकते ते तेच नीट दाखवतील.